आधी तू बघ, मग पोरांना दाखव

अगं, इतकी काय घाबरतेस? सुट्टीत पोरांना इंडियाना जोन्स दाखवायचाय, नवरा म्हणतोय ‘आम्ही नाही का पाहिला लहानपणी’, आणि तुला धाकट्याची झोप उडेल अशी धास्ती. तुझी धास्ती रास्तच आहे. फक्त ती कुठल्या प्रसंगांची हवी, ते आपण नीट बघू.

या सिनेमांवरच्या जुन्या ‘पीजी’ शिक्क्यावर, म्हणजे ‘आईबापांनी बघून ठरवावं’ या शिक्क्यावर, विसंबू नकोस. इंडियाना जोन्सचाच ‘टेंपल ऑफ डूम’ आला १९८४ साली. तेव्हा अमेरिकेत पीजी आणि मोठ्यांसाठीचा ‘आर’ यांच्यामध्ये पायरीच नव्हती. माणसाच्या छातीतून धडधडतं काळीज हातानं उपसलेलं बघून तिथले आईबाप भडकले, त्याच उन्हाळ्यातल्या ‘ग्रेमलिन्स’नं त्यात भर घातली, आणि मधली पायरी असावी असं खुद्द दिग्दर्शक स्पीलबर्गनंच सुचवलं. जुलैत ‘पीजी-१३’ आलं. म्हणजे बघ, ज्याच्यामुळे नवा शिक्का निघाला, तो सिनेमा मात्र जुन्याच शिक्क्यानं फिरतोय! आपल्याकडेही ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे पडले ते २०२४मध्ये. त्याआधीच्या नुसत्या यूएवरून सात वर्षांच्या पोराला झेपेल की अकराच्या, हे कळत नाही.

आता खरं सांगू का? काळीज उपसण्याचा प्रसंग भयंकर आहेच, पण मुलं त्याला ‘खोटं आहे’ म्हणून सोडूनही देतात. त्यांना आत कुठेतरी लागतं ते भरवशाचं माणूस फिरलं की. इंडीला, म्हणजे इंडियाना जोन्सलाच, बळजबरीनं रक्त पाजतात, त्याची नजर बदलते आणि तो शॉर्ट राउंडला, त्या चिमुरड्या सोबत्याला, थप्पड मारतो. शेवटी तेच पोर पेटती मशाल टेकवून त्याला भानावर आणतं. शिवाय खाणीत साखळदंडांनी बांधलेली मुलं आहेत, त्यांच्यावर चाबूक ओढताहेत. सात-आठ वर्षांच्या पोराला यात स्वतःचा चेहरा दिसतो गं. म्हणून मी ‘डूम’ बारा-तेराच्या आत नकोच म्हणते.

आणि त्यात दाखवलेला हिंदुस्थान! गोष्ट १९३५ची, इथलीच, पण गावाचं चित्रीकरण श्रीलंकेत कँडीकडे. गावकरी बोलतात तीही सिंहलीच. राजवाड्यातल्या पंगतीला पोट फाडल्यावर वळवळत बाहेर येणारे साप, डोळे तरंगणारं सूप, माकडाचा गारेगार मेंदू. कालीमाता म्हणजे तर जणू सैतानच. अमरीश पुरींचा खलनायक मोलाराम झकास वठलाय, त्याबद्दल वाद नाही, पण ही पंगत मला मनापासून खटकते. इथली मुलं ‘ईऽऽ’ करून हसतील. तुझी नणंद न्यू जर्सीत आहे ना, तिच्या मुलांना मात्र वर्गात कुणी ‘तुम्ही खरंच हे खाता का’ असं विचारलं तर? थोरला बघेल तेव्हा सिनेमा तिथेच थांबवून बोल त्याच्याशी.

मग सुरुवात कशानं करायची? १९८१च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’नं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना तो चालावा. गडगडत येणारा अजस्र दगड, सापांचं भुयार, त्यांना आवडेलच. दोन जागा लक्षात ठेव: विमानाच्या फिरत्या पंख्यापाशी चाललेली मारामारी, आणि पेटी उघडते तो शेवट. तिथे माणसांचे चेहरे अक्षरशः वितळतात. पण इंडी स्वतःच सोबतच्या मॅरियनला डोळे मीट म्हणतो, तेव्हा तूही म्हण, ‘चला, आपणही मिटायचे!’ त्यात लाज वाटत नाही कुणाला. नंतर सांग की ते जिलेटिनचे थर दिलेलं खोटं डोकं होतं. हळूहळू तापवून वितळवलं आणि ते दृश्य पडद्यावर भरभर चालवलं.

बाकी तुला जमेल गं, उगाच अंगावर घेऊ नकोस. आदल्या रात्री पोरं झोपली की दोन तास काढ आणि एकदा सलग बघून घे. कुठल्या मिनिटाला काय येतं ते कागदावर टिपून ठेव. पोरांना दाखवायचा तो दुपारी, जेवणं उरकल्यावर. झोपायच्या आधी मुळीच नको. रिमोट तुझ्याच हातात. आणि धाकटा मध्येच उठून स्वयंपाकघरात आला, तर ‘एवढ्याला काय घाबरतोस’ असं कुणाला म्हणू देऊ नकोस, नवऱ्यालासुद्धा.