तत्त्वज्ञानाचे शिक्षण आणि गळ्यातली माळ

साताऱ्या-सांगलीकडच्या माळकरी घरांत एक प्रश्न अधूनमधून निघतो. मुलगा हुशार आहे, कॉलेजात तत्त्वज्ञान घ्यावे म्हणतो. वडील म्हणतात, ‘पोरगं तिथं नाही नाही ते प्रश्न शिकंल, आन् एक दिवस माळ काढून खुंटीला लावंल.’ ही भीती अगदीच खोटी नाही. अशी उदाहरणे घडतात. म्हणून सज्जनहो, याचा थोडा शांतपणे विचार करू.

त्या वर्गात शिकवतात तरी काय? ज्ञान कशाने होते, प्रमाण कशाला म्हणावे, ‘मी’ म्हणजे कोण, चांगले आणि वाईट कशावरून ठरवावे, असे हे विषय. फ्रान्समधील देकार्त याने १६४१ च्या आपल्या ग्रंथात शंका घेता येईल ते सारे बाजूला सारून पाहिले. शेवटी, शंका घेणारा मी आहे, एवढे मात्र नाकारता येईना. आपल्या श्रीशंकराचार्यांनी त्याच्या कितीतरी शतके आधी भाष्यात सांगितले, की आत्म्याला जो नाकारू पाहतो, त्याचेच ते स्वरूप. दोघांचा मुक्काम एक नव्हे, पण वाट काही अंतर बरोबरीने जाते. हे कळले तर माळकऱ्याचे काय बिघडले?

कोणी म्हणेल, शंका घेणे हेच मुळी भक्ताला शोभत नाही. मग माउलींचा ‘अमृतानुभव’ काढून पाहावा. त्यात शब्दाचे खंडन आहे, अज्ञानाचे खंडन आहे. प्रतिपक्ष मांडून तो एकेक करून सोडवला आहे. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले एवढ्याच लोभाने आपण हे मानतो असे नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच आहे, असा तेथील आशय आहे. एवढी निर्भय बुद्धी ज्यांची, त्यांची पालखी आपण खांद्यावर घेतो. तेव्हा प्रश्नाला भिणे हे काही वारकऱ्याचे लक्षण नव्हे.

आता आपल्याच भागाशी नाते असलेले उदाहरण पाहा. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात उमदी गाव आहे. तेथील भाऊसाहेब महाराजांकडून जमखंडीच्या रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांना १९०१ मध्ये, म्हणजे शाळेच्या वयातच, नाम मिळाले. पुढे १९१४ मध्ये ते तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले. पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन या कॉलेजांत त्यांनी शिकवले. नंतर अलाहाबाद विद्यापीठात ते तत्त्वज्ञानाचे प्रमुख झाले, कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. ही परंपरा वारकऱ्यांची नव्हे, परंतु १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या अनुभवावर इंग्रजी ग्रंथ लिहून त्यांनी ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम जगातल्या पंडितांपुढे ठेवले. विद्यापीठातल्या विद्येने त्यांचे नाम सुटले नाही. उलट ती विद्या संतांच्या कामी आली.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य होते. जोग महाराजांचे ते शिष्य. महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेशी त्यांचा जन्मभर संबंध राहिला. वर्गात प्लेटो शिकवावा आणि फडावर कीर्तनाला उभे राहावे, यात त्यांना विरोध दिसला नाही. ‘ज्ञानदेव व प्लेटो’ हा ग्रंथही त्यांनी लिहिला.

या दोघांत समान काय? अभ्यासाच्या आधी नियम होता, आणि अभ्यास चालू असताना तो मोडला नाही. येथेच खरे मर्म आहे. युक्तिवादाने चुकीची समजूत गळते, बोलण्यात नेमकेपणा येतो, बुवाबाजी ओळखता येते. पण प्रेम काही युक्तिवादातून उपजत नाही, ते संगतीने आणि नामाने येते. नियम सुटला की नुसते पांडित्य उरते, आणि पांडित्याचा अहंकार अज्ञानापेक्षाही जड. माळ सुटते ती प्रश्नामुळे नव्हे, नियमात खंड पडल्यामुळे.

म्हणून आईबापांनी मुलाला अडवू नये. त्याचे प्रश्न घरात ऐकून घ्यावेत. उत्तर येत नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण जाणत्याला विचारू’ असे सरळ म्हणावे. ‘गप बस, देवाधर्माचं विचारू नये’ असे म्हटले, की मुलगा बाहेर उत्तर शोधतो, आणि घरी बोलायचे सोडतो.

विद्यार्थ्यानेही तीन गोष्टी सांभाळाव्यात. रोज हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीच्या थोड्या ओव्या अर्थासह. एकादशी. आणि वर्षातून निदान चार दिवस वारीची वाट. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम होतात. सुट्टी काढून तेवढे तरी चालावे. शेजारच्या निरक्षर म्हातारीला शेकडो अभंग पाठ असतात. तिच्यापुढे आपली पदवी ठेवून पाहावी. जे वर्गात वाचले त्यातले किती तिच्या जगण्यात उतरले आहे, हे तेथे कळेल. आणि जे तिला सांगता येत नाही ते नीट शब्दांत मांडण्याचे काम, शिकलेल्या मुला, तुझे आहे.

रामकृष्ण हरी.