बिनतारी फोन घरात आणण्यापूर्वी

मुलांनो, कॉर्डलेस फोनला तार नसते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे, बरं का! त्याचे दोन भाग असतात. बेस हा भाग टेबलावर बसतो. त्याला टेलिफोनची एक आणि विजेची एक अशा दोन तारा असतात. हातात धरायच्या हँडसेटला मात्र तार नाही. या दोघांमध्ये बोलणे रेडिओ लहरींवरून जाते. म्हणजे घरात एक छोटे आकाशवाणी केंद्रच आले म्हणा ना.

म्हणूनच त्याला नियम आहेत. ज्याने त्याने वाटेल त्या लहरी सोडल्या तर आठवडी बाजारासारखा कालवा होईल. आपल्या देशात कोणी कोणत्या लहरी वापरायच्या हे केंद्र सरकारचा 'वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग' हा विभाग पाहतो. १९३३ च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही मनाई केली होती. २००५ साली २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुली झाली. तरी यंत्राच्या नमुन्याला विभागाची मान्यता लागतेच.

माझ्या भावाने अमेरिकेहून आईसाठी असा फोन पाठवला. खोक्यावर 'डेक्ट ६.०' लिहिलेले. हा तिकडचा प्रकार १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो. युरोपातला डेक्ट १८८० ते १९०० वर. युरोपात आणि इतर अनेक देशांत १९२० ते १९८० ही मोबाईलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींची वाट आहे. तिथे हा पाहुणा घुसला की लोकांचे बोलणे तुटणार. शिवाय अडॅप्टर १२० व्होल्टचा आणि आपली वीज २३० व्होल्टची! मी तो खोक्यातच ठेवला. भाऊ जरा फुगला, पण इलाज नव्हता. मग मान्यता असलेला फोन इथूनच घेतला.

खरी काळजी निराळीच. आई मळ्यात एकटी असते. लाइट गेली की बेस बंद, मग हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही उपयोग नाही. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन तसा नाही. त्याला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून तो अंधारातही चालतो. (फायबरची लाइन असेल तर हे जमत नाही, तिच्या मोडेमलाही वीज लागते.) म्हणून आमचा जुना तारेचा फोन मी काढू दिला नाही. रात्री साप निघाला, कोणाच्या छातीत दुखले, तर ११२ लागलाच पाहिजे.

विजा कडाडताना तारेचा फोन कानाला लावू नये. वीज तारेतून आत येते. हँडसेट त्या मानाने बरा, पण बेस जळू शकतो. आभाळ भरून येताच त्याच्या दोन्ही तारा काढाव्यात. गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नये. टेलिफोनच्या उघड्या तारेलाही एरवी हात लावू नका, कारण घंटा वाजताना तिच्यात ७५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. चांगलाच झटका बसतो.

हँडसेटमध्ये पुन्हा भरता येणारे निकेलचे सेल असतात. ते संपले म्हणून टॉर्चचे सेल घालू नका. बेसवर ठेवले की तेही भरू लागतात, तापतात, गळतात, प्रसंगी फुटतात.