मत वेगळं असलं तरी

अमरावती

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फीवाढीविरुद्धच्या आंदोलनात समितीशी तुझं पटेनासं झालंय. आता एक तर गप्प बसायचं, नाहीतर सोडून द्यायचं, असं तू लिहितेस. तिसरी वाटही असते, मुक्ता. आपल्याच वऱ्हाडातला एक माणूस ती चालला, म्हणून आज बापूजी अण्यांबद्दल लिहितो.

माधव श्रीहरी अणे मूळचे वणीचे, वकिली यवतमाळला. पक्के टिळकपंथी. टिळक गेल्यावर गांधींचा असहकार त्यांच्या गळी पूर्णपणे कधी उतरलाच नाही. कायदेमंडळात शिरून सरकारशी झुंजावं, हे त्यांचं मत. १९२६ साली केळकर, जयकर, मुंजे यांच्यासोबत त्यांनी अकोल्यात प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा केला. विरोध होता, पण तो चारचौघांत, नावानिशी मांडलेला. तुमच्यासारखा रात्री मोबाइलवरच्या गटात कुजबुजलेला नव्हे.

मग १९३० उजाडलं. दांडीच्या मिठाच्या सत्याग्रहानंतर वऱ्हाडाने काय करायचं? समुद्र कुठल्या कुठे. पण पूर्णेकाठचा खारपाणपट्टा तू पाहिलायस. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या एप्रिलमध्ये दहीहंड्याला लोकांनी तेच खारं पाणी चुलीवर आटवलं आणि तळाशी उरलेलं मीठ हातात घेतलं. शतकानुशतकं ज्या पाण्याला नावं ठेवली, त्यानेच कायदा मोडता आला! मला ही गोष्ट दांडीइतकीच मोठी वाटते.

पावसाळा लागला तसा मोर्चा जंगलाकडे वळला. राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापणं गुन्हा होता. ज्याच्या गोठ्यात बैल उभा आहे, त्याला हा अन्याय समजावून सांगायची गरज नव्हती. गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. १० जुलै १९३० रोजी पुसदकडच्या जंगलात अण्यांनी गवत कापलं आणि त्यांना अटक झाली. पन्नाशीला टेकलेला, कायद्यावर पोट असलेला वकील. कापण्याआधी जाहीर सांगून, दिवसाढवळ्या, पोलिसांसमोर. गांधींची सगळी मतं पटली म्हणून नव्हे. हा अन्याय आपलाही आहे, एवढं पटलं म्हणून.

त्यांचं सगळंच मला पटतं असं मात्र समजू नकोस. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये देशभर धरपकड झाली तेव्हाही तिथेच राहिले. त्याच काळात चिमूर गावात सरकारी फौजेने केलेल्या अत्याचारांची दाद मागायला गांधींचे अनुयायी भन्साळी दिल्लीला त्यांच्याच घरी उपोषणाला बसले. त्या दिवसांतले अणे मला आवडत नाहीत. तेव्हाच त्यांनी पद सोडायला हवं होतं. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधींचं एकवीस दिवसांचं उपोषण सुरू झालं आणि इंग्रज त्यांना सोडेनात, तेव्हा मंडळातल्या मोदी आणि सरकार या आडनावांच्या दोन सहकाऱ्यांसह अण्यांनी राजीनामा दिला. उशीर झाला, तरी खुर्चीला चिकटून राहिले नाहीत.

आता तुझ्याबद्दल. वसतिगृहाच्या कार्यालयाला कुलूप ठोकून कर्मचाऱ्यांना आत कोंडायचं, हा समितीचा बेत तुला चुकीचा वाटतो. मलाही वाटतो. त्या कारकुनांनी फी वाढवलेली नाही. पण फीवाढ अन्यायाची आहे, हेही तुला ठाऊक आहे. म्हणून बैठकीत उभी राहून सांग की कोंडण्यात मी नाही, दारापुढे धरण्याला मात्र पहिली बसेन. कारवाई होणार असेल तर यादीत आपलं नाव आपल्या हाताने लिही. मत हरलं तर रुसून गावी येऊ नकोस, आणि तुझ्या मैत्रिणी कुलूप घेऊन निघाल्याच तर त्यांच्यामागे जाऊही नकोस.

आईला मी समजावीन, तिची काळजी तू करू नकोस. परीक्षेचा अर्ज मात्र मुदतीत भर. बैठक झाली की कळव.

तुझा,
मामा