सूर्याचा न दिसणारा प्रकाश

आपल्या जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ अनेकांनी पाहिले असतील. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचे नाते सांगितले जाते. नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम येथेच शोधला, असेही आपण ऐकत आलो आहोत. परंतु लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्येच होते. हेलियमची पिवळी वर्णरेषा त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडूनच पाहिली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी ते ग्रहण गुंटूर येथून अभ्यासले. ऐकलेली गोष्ट तपासून स्वीकारावी, हा धडा आम्हांस येथे महत्त्वाचा वाटतो.

ती पिवळी रेषा जमिनीवरून दिसली, कारण दृश्य प्रकाश वातावरणातून सहज खाली येतो. सूर्याच्या अतिनील किरणांचे तसे नाही. ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतील सुमारे २९० नॅनोमीटरखालचे किरण ओझोन आणि ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण शोषून घेतात. म्हणूनच जीवसृष्टी सुरक्षित राहते, आणि म्हणूनच हे किरण मोजण्यासाठी वातावरणाबाहेर जावे लागते.

हे काम महाराष्ट्रात घडले, ही अभिमानाची बाब होय. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने इस्रोच्या सहकार्याने ‘सूट’ नावाची दुर्बीण घडविली. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर ती बसविलेली आहे. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पोहोचले. तेथे रात्र नाही, ग्रहण नाही. सूर्य अखंड समोर असतो. २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यात ११ गाळण्यांमधून ‘सूट’ सूर्याची छायाचित्रे घेते. प्रत्येक गाळणी ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडते. त्यामुळे सूर्याच्या वातावरणाचे निरनिराळे थर वेगवेगळे पाहता येतात. संपूर्ण सूर्यबिंबाची तिची पहिली चित्रे डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली.

या मापनाचा उपयोग काय? सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते. अतिनील किरणांत मात्र त्याहून कितीतरी मोठे चढउतार होतात. ओझोन तयार होतो तो याच किरणांमुळे. म्हणून आपल्या डोक्यावरचे हे छत्र समजण्यासाठी सूर्यावर सतत लक्ष ठेवावे लागते.

या छत्रातून काही अतिनील किरण खाली येतातच. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना आणि होडीवर दिवस काढणाऱ्यांना ते वरून तर लागतातच. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत उसळवितो. वारा गार असला, आभाळात विरळ ढग असले, तरी त्वचा भाजते. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो. भर दुपारी रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अतिनील किरण अडविणारा चष्मा वापरावा, अशी पालकांना आमची विनंती आहे.

वसतिगृहाच्या अंगणातून सूर्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते : डोळ्यांना जे दिसत नाही, तेही मोजता येते. ते मोजणारी दुर्बीण आपल्याच राज्यात घडली आहे. पुढची तुमच्या हातून घडावी.