तांब्याच्या पत्र्यावरचा सरदार

जत्रेत नवा तांब्या घेतला, की आपण त्यावर नाव घालून घेतो. नाव घालणारा टकटक करीत अक्षरे कोरतो. ती पुसत नाहीत.

चित्रेही अशीच कोरीत. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. पोलादी टोकाने त्यावर बारीक रेघा खोदायच्या. चित्र उलटे काढायचे, अक्षरेही उलटी. मग शाई चोळायची आणि वरवरची पुसून टाकायची. रेघांत शाई राहते. त्यावर ओलसर कागद जोराने दाबला, की चित्र सुलटे उमटते. हाताने रंगवलेली तसबीर एकच. ती वाड्यात राहते. पत्र्यावरून शेकडो कागद निघतात आणि बाजारात जातात.

आता एक खरी हकिकत ऐका. ती इंग्लंडातली आहे, सव्वाचारशे वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे पहिली एलिझाबेथ राणी राज्य करीत होती. एसेक्सचा सरदार रॉबर्ट डेव्हरू हा तिच्या मर्जीतला. १५९६ साली स्पेनचे कादिझ बंदर जिंकण्यात तो पुढे होता. लोक त्याला डोक्यावर घेत. पण १५९९ साली आयर्लंडच्या मोहिमेत त्याला यश आले नाही. हुकूम नसता तो परतला. राणीची मर्जी गेली, अधिकारही गेले.

त्याच सुमारास टॉमस कॉक्सन नावाच्या कारागिराने त्याचे चित्र कोरले. सरदार घोड्यावर बसलेला, मागे त्याच्या लढाया. खाली ओळी होत्या. त्यांत म्हटले होते, की हा देवानेच निवडलेला पुरुष आहे!

आता राणीचे काय राहिले? ऑगस्ट १६०० मध्ये तिच्या सल्लागार मंडळाने हुकूम काढला. सरदारांची अशी चित्रे गोळा करा. परवानगीवाचून नवी कोरू नका. बघा, राजसत्तेला कागदाचे भय वाटले.

८ फेब्रुवारी १६०१ ला सरदार थोडी माणसे घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला. लोक साथीला येतील, असे त्याला वाटले. कोणी आले नाही. २५ फेब्रुवारीला त्याचा शिरच्छेद झाला. चित्राची प्रत मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आजही आहे.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. मुले चित्र बघत आणि पान उलटीत. आम्ही म्हणत असू, "अरे, खालची ओळ वाचा!" तुम्हांलाही तेच सांगतो. घोडा सगळ्यांना दिसतो. पण थोरवी कोणी लिहिली आणि कशासाठी, हे वाचणाऱ्यालाच कळते.

प्रश्न
१. पत्र्यावर अक्षरे उलटी का कोरतात?
२. राणीला भय चित्राचे वाटले, की खालच्या ओळींचे? तुमचे मत सांगा.
३. तुमच्या घरातल्या एका चित्राखालची ओळ वाचून दाखवा.