नोकरी सोडा, पण तारीख बघून

प्रश्न : वय ३१. पुण्यात एकाच कंपनीत ४ वर्षे ३ महिने झाली. मूळ वेतन ४० हजार. राजीनामा देऊन लाकडी घाण्याचा तेलव्यवसाय सुरू करू का?

उत्तर : जरूर करा, पण आणखी नऊ महिने थांबा. सलग पाच वर्षे पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तुमच्या वेतनावर ती सुमारे १ लाख १५ हजार रुपये होते. पाच वर्षांआधी काढलेल्या पीएफवर करही लागतो.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. स्वतःची पॉलिसी आजच घ्या. जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. गृहकर्ज हवे असेल, तर पगाराची स्लिप हातात असतानाच अर्ज करा.

या धंद्यात शेंगदाणा बहुधा रोखीने घ्यावा लागतो, दुकानदार मात्र उधारी मागतात. म्हणून वर्षभराचा घरखर्च भांडवलापासून वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका. तोवर शनिवार-रविवारी दुसऱ्याच्या घाण्यावर तेल काढून विका. तीच गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा मागायला आली, तर निर्धास्तपणे राजीनामा द्या.