एकाच तारखेचे तीन प्रसंग

खेड्यापाड्यांतील आपल्या मंडळ्यांत दिवसांविषयी प्रश्न वारंवार निघतो. अमुक दिवस शुभ, अमुक अशुभ, असे मानणारे लोक भोवती असतात. आणि एकाच तारखेस दोनतीन मोठ्या गोष्टी घडल्या असे ऐकले म्हणजे आपल्यापैकीही कित्येकांस वाटते की, त्या तारखेतच काही गुण असावा. याकरिता ५ एप्रिल ही तारीख घेऊन आपण तिची परीक्षा करू.

पहिला प्रसंग पुणे शहरातील. शाहिस्तेखान १६६० सालापासून पुण्यात ठाण मांडून होता, आणि ज्या लालमहालात शिवाजी महाराजांचे बालपण गेले त्यातच तो राहत होता. ५ एप्रिल १६६३ रोजी रात्री महाराज थोड्या लोकांनिशी आत शिरले. खानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र मारला गेला, आणि पुढे बादशहाने खानास बंगालच्या सुभ्यावर पाठविले.

दुसरा प्रसंग मुंबई बंदरातील. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ ही आगबोट लंडनकडे निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची ती बोट होती. त्या काळी हा समुद्रमार्ग इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. ती बोट थोड्याच वर्षांत मोडीत निघाली, परंतु कंपनी टिकली. आणि १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तिसरा प्रसंग पुणे जिल्ह्यातील केडगावचा. ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाई यांनी मुक्तिसदनात देह ठेविला. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली होती. तरी इब्री व ग्रीक या मूळ भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी सोडिले नाही. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या मागे १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आता तारखेकडे पाहा. लालमहालाची ५ एप्रिल ही इंग्रज लोक त्या काळी पाळीत त्या जुन्या गणनेची आहे. आजच्या गणनेत दहा दिवस मिळवावे लागतात. म्हणजे तो दिवस १५ एप्रिल होतो. आपल्या पंचांगाप्रमाणे ती शके १५८५ ची चैत्र शुद्ध अष्टमी होती, आणि ती तर दरवर्षी निराळ्या तारखेस येते. एकाच रात्रीस तीन नावे! मग गुण कोणत्या नावात मानावा?

आम्हांस असे दिसते की, तारीख ही केवळ खुंटी होय. तिच्यावर काय टांगावे हे मनुष्याचे काम ठरविते. रमाबाईंचा मृत्युदिन आपण स्मरतो. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतांतील उपाशी मुलींस त्यांनी केडगावी आणिले, त्यांस अन्न दिले, अक्षरे शिकविली, ते दिवस कोणत्या तारखांचे होते हे कोण सांगेल? त्या बिननावाच्या दिवसांमुळेच या एका दिवसास नाव मिळाले. म्हणून पेरणीचा, सोयरिकीचा किंवा मुलीस शाळेत घालण्याचा दिवस ठरविताना तारखेस भिऊ नका. काम चांगले असेल, तर आजचा दिवस त्यास पुरेसा आहे.

मननार्थ प्रश्न : १. लालमहालाच्या रात्रीस तीन नावे कशी पडली? २. आपल्या गावात कोणते चांगले काम शुभ दिवसाची वाट पाहत पडून राहिले आहे?